सहा शतांश

हरमॅटनची सकाळ. वाळवंटाची धूळ
सुआमेच्या गॅरेजांवर पिठासारखी बसलेली.
डुफीने काळ्या कढईत तेल तापत ठेवलंय,
पिस्टनसाठी.
पेज नंतर.

गजनपिन तिने रात्रीच
पाणीवालीच्या बर्फाच्या पेटीत ठेवून दिली होती.
आता चिमट्यात ऊन पिस्टन, दुसऱ्या हातात गार पिन,
आणि अंगठ्याचा नुसता टेकू.
सरकन आत.

काल हातोडी घेऊन ती तासभर झगडली होती.
मास्टर आम्पोफो तेव्हा संत्रं चोखत गप्प बसला होता.
चोथा टाकून झाल्यावर म्हणाला,
"ह्याला जोर लावायचा नसतो, ऊब लावायची.
मीटरभर ॲल्युमिनियम एका अंशाला तेवीस मायक्रॉन वाढतं,
ओतीव लोखंड अकरा.
दोघांना नांदायचंय एकाच घरात
आणि ज्याचं घर आहे, तो कमी फुगतो."

इंजिन बेदियाकोचं. मांपोंगच्या रस्त्यावर
त्याची ट्रोट्रो चालते. चालायची.
रोज पहाटे सुरू केली की आतून टकटक, टकटक,
आणि याम विकणाऱ्या बायका मागून ओरडत,
"पोटात कोण फुफू कांडतंय रे तुझ्या गाडीच्या?"
सहा महिने त्याने ऐकून घेतलं.
मग पलीकडच्या गल्लीत गेला, म्हणाला,
घट्ट बसवा. आवाज नको.
त्यांनी बसवलं घट्ट. पैसे दिले की कोणीही बसवतं.

तीन दिवस गाडी घड्याळासारखी चालली.
चौथ्या दिवशी मांपोंगचा चढ, दुसरा गिअर,
टपावर यामची पोती,
आणि मधेच एक किंकाळी, धातूची.
मग काहीच नाही.
बायका उतरल्या, ओझी डोक्यावर घेऊन चढू लागल्या.
एक जण वळून म्हणाली,
"आता बघ, कोणी कांडत नाही."

उघडलं तेव्हा सिलिंडरच्या भिंतीला
चंदेरी सालटं चिकटलेली.
डुफीने बोट फिरवलं आणि काढून घेतलं,
जखमेवरून काढावं तसं.

नवा पिस्टन तिने मायक्रोमीटरवर धरला.
आडवा मोजला, उभा मोजला, पुन्हा आडवा.
"मास्टर, हा वाकडा आलाय. गोल नाही. वर निमुळता पण आहे.
परत पाठवू?"
आम्पोफो इतका हसला की खोकला लागला.
"गोलच आहे तो. अजून झालेला नाही, एवढंच.
गार असताना मुद्दाम लंबगोल कापतात,
कुठे किती फुगणार ते आधीच वजा करून.
भर चढावर, भर जाळात तो गोल होतो."

"पाहिलंय कोणी?"

"आत कोण जाणार पाहायला?"

मग, जरा थांबून:
"सिलिकॉन घातलंय ह्यात, शंभरात बारा.
वाळूतूनच काढतात ते, तुझ्या पापणीवर बसलीय
तिच्याच गोतातलं.
ते ह्याला आवरून धरतं. तेविसाचे वीस होतात.
पण फुगतोच."

डुफीने फिलर गेजची पाती चाळली,
एक निवडली, फटीत सारून पाहिली.
किंचित अडली, मग गेली.
मिलिमीटरचे सहा शतांश.
केसाहून बारीक असलेली ही मोकळी जागा
रिकामी ठेवायची मजुरी
बेदियाकोला कशी समजावायची
हे तिला अजून सुचलेलं नाही.

दुपारी चावी फिरली.
टकटक. टकटक.
बेदियाकोचा चेहरा पडला.
गल्लीच्या तोंडाशी संत्रीवालीने मान वर केली,
ओठांवर तेच वाक्य तयार.

"थांब," डुफी म्हणाली, "बंद करू नकोस. तापू दे."

तो हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला.
टक. टकटक. टक.
ती वाकून निखाऱ्यांवरची राख फुंकू लागली.
पेजेचं भांडंही ॲल्युमिनियमचंच,
जुन्या पिस्टनांचं, इथेच ओतलेलं,
वापरून पोचे आलेलं.
झाकण थोडं आखूड पडतं ऊन झाल्यावर.
झाकण पत्र्याचं आहे.